बिअर्डेड ड्रॅगनच्या पिल्लांचं ‘स्टार्टर किट’: टाकी ठेवा, दिवा बदला

अमेरिकेतल्या मोठ्या पेट शॉपमध्ये बिअर्डेड ड्रॅगनची, म्हणजे मूळच्या ऑस्ट्रेलियातल्या एका सरड्याची, पिल्लं विकायला असतात, तिथे शेजारीच ‘स्टार्टर किट’ची खोकी रचलेली दिसतात. कंपन्यांची नावं वेगळी, आतला ऐवज जवळपास तोच: वीस गॅलनची काचेची टाकी, जाळीचं झाकण, घुमटाच्या आकाराचे दोन लॅम्प-होल्डर, उष्णतेसाठी एक निळसर बल्ब, १३ वॉटचा एक पिळदार यूव्हीबी (उन्हातले अतिनील-बी किरण देणारा) बल्ब, चिकटवायचा गोल काट्याचा थर्मामीटर, वाळूची पिशवी किंवा हिरवा गालिचा आणि कॅल्शियम पावडरची इवलीशी पुडी. खोक्यावर छापलेलं असतं की लागणारं सगळं आत आहे.

निकाल आधीच सांगतो. घुमट ठेवा, टाकी चालवून घ्या, बाकीचं परत करा. वाचलेले पैसे दोनच गोष्टींत घाला: चांगली यूव्हीबी ट्यूब आणि भरपूर बारीक जिवंत किडे. अंड्यातून निघाल्यापासूनचे पहिले दोन महिने पिल्लू या दोन गोष्टींवर जगतं. वजन दोन-तीन ग्रॅम, शेपटीसकट लांबी जेमतेम दहा सेंटिमीटर. मोठा ड्रॅगन चुकीच्या दिव्याखाली काही महिने तग धरतो. पिल्लाची हाडं याच दिवसांत भरत असतात, त्यामुळे त्याला तेवढी सवलत नाही.

हे परीक्षण दोन प्रकारच्या घरांसाठी आहे. एक, ज्यांनी दुकानातून पिल्लू आणलंय किंवा आणायचं ठरवलंय. दुसरं, ज्यांच्याकडे जोडी होती आणि मादीने एके दिवशी वीस-पंचवीस अंडी घातली. दुसऱ्या घरांची संख्या वाटते त्यापेक्षा जास्त असते, कारण लहानपणी नर-मादी ओळखणं अवघड आणि ‘दोन्ही नर आहेत’ हे दुकानदाराचं बोलणं बऱ्याचदा अंदाजाचं असतं.

वीस गॅलनची टाकी

‘वीस लाँग’ म्हणतात ती टाकी ३० इंच लांब, १२ रुंद आणि १२ उंच असते. एकट्या पिल्लाला पहिले दोन-अडीच महिने जागा पुरते. अडचण उंचीची आहे. ऊन खायच्या दगडाची जाडी वजा केली की दिवा आणि पाठ यांत दहा इंचही उरत नाहीत. चांगली ट्यूब जाळीच्या आत लावायची तर एवढ्या जवळून ती फार तीव्र पडते. शिवाय इतक्या छोट्या हवेत १०० वॉटचा बल्ब लावला की थंड बाजू अशी राहतच नाही. पिल्लाला एका टोकाला तापून दुसऱ्या टोकाला निवता आलं पाहिजे, ते इथे होत नाही.

किट अजून घेतलं नसेल तर सुटी टाकी घ्या, चाळीस गॅलनची ‘ब्रीडर’: ३६ बाय १८ बाय १६ इंच. पहिले पाच-सहा महिने ती सहज जाते. शेवटी लागते ती ४ बाय २ बाय २ फुटांची, पण पहिल्या आठवड्यात तेवढी मोठी दिली तर किडे कोपऱ्याकोपऱ्यांत पसरतात आणि पिल्लाला ते सापडत नाहीत. मोठी टाकी आधीच घरात असेल तर पुठ्ठ्याचा किंवा फोमबोर्डचा पडदा लावून अर्धी करा, दिव्यापासून मात्र तो लांब ठेवा. तिन्ही बाजूंना बाहेरून कागद चिकटवा. काचेत स्वतःचं प्रतिबिंब दिसलं की पिल्लं तासन्‌तास काचेवर पाय घासत राहतात आणि खाणं सोडतात.

यूव्हीबी: पैसे इथे घाला

किटमधली सगळ्यात वाया गेलेली वस्तू म्हणजे तो पिळदार बल्ब. तो यूव्हीबी देतच नाही असं नाही. देतो, पण ताटलीएवढ्या जागेत. पिल्लू तिथून वीतभर सरकलं की उजेड तसाच दिसतो, यूव्हीबी मात्र नावाला उरतो. वर जाळीचं झाकण साधारण तिसरा हिस्सा खातं, बारीक विणीची जाळी त्याहूनही जास्त. काचेतून यूव्हीबी जवळजवळ येतच नाही, म्हणून खिडकीतल्या उन्हाचा उपयोग नाही. उलट काचेच्या टाकीवर थेट ऊन आलं तर आतलं तापमान बघता बघता जीव घेण्याइतकं चढतं.

हा दिवा एवढा का लागतो ते समजून घेतलं तर पुढच्या चुका टळतात. यूव्हीबी कातडीवर पडला की तिथल्या ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉलपासून जीवनसत्त्व डी३ च्या आधीचा पदार्थ तयार होतो. त्याचं डी३ मध्ये रूपांतर व्हायला शरीराची ऊब लागते. मग यकृत आणि मूत्रपिंडातून त्याचं कामाचं रूप तयार होतं, आणि तेव्हा कुठे आतडं खाल्लेलं कॅल्शियम शोषतं. यातली एक कडी तुटली तरी कॅल्शियमची पावडर विष्ठेतून जशीच्या तशी बाहेर जाते आणि शरीर स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढायला लागतं. म्हणूनच ट्यूब आणि उष्णतेचा दिवा एकाच टोकाला, शेजारी शेजारी हवेत. ट्यूब एका बाजूला आणि ऊब दुसऱ्या बाजूला ही किटवाल्या घरांत नेहमी दिसणारी मांडणी आहे, कारण दोन घुमट मिळाले की माणूस दिसायला बरं म्हणून ते दोन टोकांना ठेवतो.

घ्यायची ती टी५ एचओ (बारीक, जास्त तीव्रतेची) प्रकारची लांब ट्यूब, मागे चकचकीत रिफ्लेक्टर असलेल्या पट्टीत बसवलेली. रिफ्लेक्टर नसेल तर अर्धा प्रकाश छताकडे जातो. बाजारात दोन नावं भरवशाची आहेत. एक, कॅलिफोर्नियातल्या झू मेडची ‘रेप्टीसन १०.० टी५ एचओ’. दुसरी, ब्रिटनच्या आर्केडियाची १२ टक्के यूव्हीबीची ‘प्रोटी५’. ३६ इंची टाकीला दोन्हींतली २२ इंची, २४ वॉटची पुरते: साठ टक्के लांबीवर ऊन, उरलेल्यावर सावली. पिल्लाला हवं तेव्हा सावलीत जाता येणं तितकंच महत्त्वाचं आहे.

दोन्हींत फरक बसवण्याचा. झू मेडची पट्टी जाळीवर नुसती ठेवायची, काही पाडायला-ठोकायला नको, त्यामुळे काचेच्या टाकीला ती सोयीची. आर्केडियाची पट्टी सडपातळ आहे, टाकीच्या आत छताला लावता येते, लाकडी व्हिव्हेरियमला तीच बरी. इंग्लंडमधल्या वाचकांकडे बहुधा लाकडी पेट्याच असतात, त्यांनी हीच घ्यावी. आर्केडियाची १४ टक्क्यांची ‘ड्रॅगन’ नावाची ट्यूबही मिळते. नावाला भुलून ती पिल्लांच्या बुटक्या टाकीत लावू नका, ती उंच पेट्यांसाठी आहे. तसंच रेप्टीसनमध्ये ५.० आणि १०.० ची खोकी दिसायला सारखी असतात. ५.० जंगलातल्या सावलीतल्या प्राण्यांची. खोकं उचलताना आकडा दोनदा वाचा.

अंतर असं: जाळीवर ट्यूब असेल तर पिल्लाच्या पाठीपासून दहा ते बारा इंच. जाळीच्या आत असेल तर पंधरा ते अठरा. अंतर मोजायचं ते दगडापासून नव्हे, दगडावर बसलेल्या पिल्लाच्या पाठीपासून. सोलरमीटर ६.५ हे मोजायचं यंत्र मिळालं तर ऊन खायच्या जागी यूव्ही निर्देशांक ३ ते ५ दिसायला हवा. यंत्र दोनशे डॉलरच्या वर जातं, एका पिल्लासाठी विकत घेणं जिवावर येतं. पण गावातल्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या गटात कुणाकडे तरी ते असतं, तासभर मागून आणा. ट्यूब नेहमी डोक्यावर हवी, बाजूला उभी कधीच नाही. या प्राण्याच्या भुवईचा कंगोरा वरच्या उन्हापासून डोळ्यांवर सावली धरतो, बाजूने आलेल्या प्रकाशापुढे त्याचा इलाज चालत नाही. डोळे सुजले, एक डोळा सतत मिटलेला राहिला तर आधी दिव्याचं अंतर आणि कोन तपासा.

ट्यूब बारा महिन्यांनी बदलायची, जळाली नसली तरी. डोळ्यांना दिसणारा उजेड वर्षानुवर्षं येत राहतो, यूव्हीबी मात्र हळूहळू उतरत जातो आणि ते कुणाला दिसत नाही. बसवतानाच ट्यूबच्या टोकावर मार्करने तारीख लिहा. रोज बारा ते चौदा तास, साध्या टायमरवर.

उष्णता आणि मोजमाप

निळसर बल्ब काढून पांढऱ्या उजेडाचा हॅलोजन फ्लड लावा, ५० ते ७५ वॉटचा, डिमरवर. २०२३ पासून अमेरिकेत साध्या बल्बांना वीजबचतीचा कडक नियम लागू झाल्यापासून हार्डवेअरच्या दुकानात हॅलोजन पूर्वीइतके सहज मिळत नाहीत. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीचे म्हणून विकले जातात ते मिळतात. तसाच दिसणारा एलईडी घेऊन येऊ नका, त्याला ऊब नसते. लाल बल्ब नको, ‘हीट रॉक’ नावाचा तापणारा दगड तर नकोच. पोट भाजतंय हे या प्राण्याला वेळेवर कळत नाही.

पिल्लाच्या दगडाचा पृष्ठभाग ४० ते ४३ अंश सेल्सियस, म्हणजे १०५ ते ११० फॅरनहाइट. थंड टोकाची हवा २४ ते २७. रात्री सगळे दिवे बंद. घर १८ च्या खाली जात असेल तरच बिनउजेडाचा सिरॅमिक हीटर, तोही थर्मोस्टॅटवर. न्यू जर्सी किंवा शिकागोच्या हिवाळ्यात रात्री हीटिंग कमी करून झोपायची सवय असेल तर हा खर्च धरून चाला.

किटमधला गोल काट्याचा थर्मामीटर फेकून द्या. तो काचेचं तापमान सांगतो, पिल्लू बसतं त्या जागेचं नाही, आणि चुकतो तो थोडाथोडका नाही. त्याच्या जागी दोन वस्तू: दगडासाठी इन्फ्रारेड टेंपरेचर गन आणि थंड टोकाच्या हवेसाठी वायरचा डिजिटल प्रोब. गनने दगड मोजताना अर्धा तास दिवा लागून गेलेला असावा आणि वीतभर अंतरावरून, सरळ वरून मोजावं. दगड थंड राहिला तर पिल्लू खाईल, पण पचवणार नाही. खाल्लेलं उलटून येतं किंवा दुसऱ्या दिवसापासून तोंडच फिरवतं. ‘खात नाही’ या तक्रारीचं पहिलं कारण बहुतेक वेळा दगडावर सापडतं.

पिल्लू तोंड उघडून बसलं की घाबरू नका. जास्तीची उष्णता ते अशीच सोडतं. उघड्या तोंडाने थंड टोकाला चिकटून बसलं असेल तर मात्र टाकी तापलीय. आणि सकाळी दिवा लागताच ते चपटं होऊन, अंगाचा रंग गडद करून पसरतं, ते आजारपण नाही. काळपट अंग ऊन लवकर पितं.

वाळू, गालिचा आणि किचन पेपर

‘कॅल्शियम सँड’च्या पिशवीवर ती पचते असं लिहिलेलं असतं. पिल्लू किड्यावर झडप घालतं ते जीभ बाहेर काढून, आणि जिभेला जे चिकटेल ते आत जातं. ओलसर पोटात त्या वाळूचा गोळा होतो आणि आतडं तुंबतं. गालिच्याचे धागे नखांत अडकतात, बोटाला गुंडाळले जातात, शिवाय तो नीट धुतला जात नाही. पहिले तीन-चार महिने साधा पांढरा किचन पेपर अंथरा आणि रोज बदला. दिसायला अगदीच दवाखान्यासारखं. पण त्यावर विष्ठा कशी पडली, तिच्यातला मूत्राचा पांढरा भाग पांढराच आहे की पिवळा, शेवटच्या वेळचा रातकिडा न पचता बाहेर आला का, हे सगळं लख्ख दिसतं. या वयात ते पाहणं हेच अर्धं काम आहे.

खाणं

दुकानात किट घेताना याचा हिशेब कुणी सांगत नाही, आणि खरा खर्च इथेच आहे. वाढतं पिल्लू दिवसाला वीस ते पन्नास बारीक रातकिडे खातं, तीन-चार वेळा मिळून. दुकानातले पाव इंची ‘क्रिकेट्स’ डझनाच्या भावाने घेतले तर महिन्याभरात किटएवढे पैसे त्यातच जातात. हजाराचा खोका ऑनलाइन मागवा. चार पिल्लं असतील, प्रत्येकी तीस धरले, तर दिवसाला १२०. वाटेत मेलेले वगळता हजारांत आठवडा निघतो. थंडीत मागवताना हीट पॅक घालून घ्या, नाहीतर दारात मेलेल्या किड्यांचं खोकं येतं.

आकाराचा नियम सगळ्यांना माहीत असतो आणि सगळेच कधी ना कधी मोडतात: किडा पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून लांब नसावा. पहिल्या दोन आठवड्यांना आठवा भाग इंच, मग पाव इंच. मोठा किडा गिळला गेला तर आतड्यात अडकतो, मागचे पाय ओढत चालणं हे त्याचं दिसणारं लक्षण. मीलवर्म, म्हणजे त्या कडक कवचाच्या पिवळ्या अळ्या, पिल्लांना देऊच नका.

रातकिडे आणले की लगेच टाकीत नको. जाळीच्या झाकणाचा खोल प्लास्टिकचा डबा, आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे, आणि एक-दोन दिवस त्यांना कॉलर्ड ग्रीन्स (कोबीच्या कुळातली पालेभाजी), गाजर, भोपळा खाऊ घाला. पाण्याची वाटी ठेवली तर त्यात बुडून मरतात, म्हणून गाजराच्या चकत्यांवर भागवा. उपाशी रातकिडा म्हणजे नुसतं टरफल. डबा दमट झाला की उग्र वास सुटतो आणि रात्रीत शेकड्यांनी मरतात. कोरडा आणि हवेशीर ठेवला तर वास फारसा येत नाही.

मग पावडर. रातकिड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट असतो, म्हणून वरून कॅल्शियम द्यावंच लागतं. उंच स्टीलच्या पेल्यात पंधरा-वीस किडे घ्या, कॅल्शियम कार्बोनेटची चिमूट टाका, मूठ झाकून दोनदा हलवा. अंगावर पिठीचा हलका हात बसला पाहिजे, मोदकाच्या पारीला लावतो तेवढा. पांढरे भूत झाले तर पिल्लं तोंड लावत नाहीत आणि किडे स्वतःला झटकून पावडर खाली पाडतात. दिवसातून एका खाण्याला पावडर: पाच दिवस डी३ नसलेलं फॉस्फरसमुक्त कॅल्शियम, दोन दिवस मल्टिव्हिटॅमिन. चांगली ट्यूब असताना डी३ वालं कॅल्शियम रोज देऊ नका. जास्तीचं डी३ शरीरातून सहज जात नाही, मूत्रपिंडात आणि रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचतं. वेळापत्रक जमत नसेल तर रेपशी कंपनीचं ‘कॅल्शियम प्लस’ हे एकच मिश्रण प्रत्येक खाण्याला वापरता येतं, ते त्यासाठीच बनवलंय. मात्र त्याच्या जोडीला दुसरी कुठली व्हिटॅमिन पावडर नको. डबा उघडल्यापासून सहा महिन्यांत संपवा, फ्रीजमध्ये ठेवा. किटमधली पुडी चार-पाच दिवसांत संपते, तिच्यावर मत देण्यासारखं काही नाही.

ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या हा दुसरा चांगला माल, कॅल्शियम त्यांच्यात मुळातच भरपूर, पावडर लागत नाही. गुळगुळीत उथळ वाटीत सोडल्या की चढून बाहेर येत नाहीत, आणि पिल्लू वाटीपाशी जाऊन मान वाकडी करतं, एका डोळ्याने अळीकडे टक लावून बघतं, शेपटीचं टोक थरथरतं आणि मग झडप. ती मान वाकडी झाली की समजायचं, आज तब्येत ठीक आहे. ड्युबिया झुरळंही उत्तम, पण कॅनडात आणि ऑस्ट्रेलियात ती पाळायला मनाई आहे. ऑस्ट्रेलियातले लोक ‘वुडी’ झुरळं देतात, इंग्लंडमध्ये टोळ सहज मिळतात.

एका वेळी पाच ते दहा मिनिटांत जेवढे खातील तेवढे, मग उरलेला प्रत्येक रातकिडा बाहेर. रात्री टाकीत राहिलेले किडे झोपलेल्या पिल्लाच्या पापण्या आणि बोटं कुरतडतात. दिवा बंद होण्याआधी दीड-दोन तास शेवटचं खाणं व्हावं, नाहीतर पचायला ऊब मिळत नाही.

पालेभाजी पहिल्या आठवड्यापासून समोर ठेवा, खाल्ली नाही तरी रोज. कॉलर्ड, मोहरीची पानं, डँडेलियन, किसलेला लाल भोपळा, निवडुंगाचे कोवळे पंजे सोलून. अगदी बारीक चिरा, पिल्लाचं तोंड वाटाण्याएवढं असतं. इंडियन स्टोअरमधून आणलेल्या जुडीत काय द्यायचं यावर घोळ होतो: पालक नको, माठ नको, अळू तर मुळीच नको. या पानांतलं ऑक्झलेट कॅल्शियम धरून ठेवतं आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. कांदा, लसूण, रूबार्ब, अवोकॅडो बाद. आणि जूनमध्ये अंगणात काजवे चमकायला लागले की खिडकीची जाळी आणि टाकीचं झाकण नीट बघा. अमेरिकेतला एक काजवा मोठ्या ड्रॅगनचाही जीव घ्यायला पुरतो, त्याच्या अंगात हृदयावर चालणारं विष असतं. बाहेर पकडलेला कुठलाच किडा नको.

पाण्याची वाटी पिल्लाला बहुतेक वेळा पाणी म्हणून ओळखताच येत नाही. सकाळी आणि दुपारी स्प्रे बाटलीने नाकाच्या शेंड्यावर दोन थेंब पडतील एवढा फवारा मारा, ते जिभेने चाटतं. टाकी ओली करू नका. ३० ते ४० टक्के आर्द्रता पुरे, सतत दमट राहिलं तर श्वासाचे आजार होतात.

घरातच अंडी फुटली तर

अंडी २८-२९ अंशांना साधारण दोन महिने घेतात. कवचाला चीर पडली, नाक बाहेर आलं की दूर व्हायचं. पिल्लू त्या स्थितीत चोवीस तासही बसून राहतं, तेवढ्यात पोटातला बलक आत ओढला जात असतो. हाताने बाहेर काढलं तर बलकाची पिशवी फाटते आणि ते वाचत नाही. बाहेर आल्यावर एक दिवस ओल्या किचन पेपरवर इन्क्युबेटरमध्येच. बेंबी कोरडी झाली की टाकीत. पहिले दोन-तीन दिवस ते बलकावर जगतं, खाल्लं नाही तर ठीक आहे.

लवकर फुटावीत म्हणून तापमान वाढवू नका. या प्राण्यात नराची गुणसूत्रं झेडझेड आणि मादीची झेडडब्ल्यू, पण साधारण ३२ अंशांच्या वर उबवलेल्या अंड्यांतून झेडझेड पिल्लंही मादी होऊन निघतात. ऑस्ट्रेलियात रानातही असं होतं, हे तिथल्या शास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये दाखवलं. तापमान आणखी वाढलं तर अंड्यातच मरतात.

भावंडं एकत्र छान दिसतात म्हणून ठेवू नका. हलणारी प्रत्येक बारीक वस्तू त्यांना खाऊ वाटते आणि शेजाऱ्याची शेपटी ही बारीक, हलणारी वस्तू असते. चाळीस गॅलनमध्ये चार, तीही एकाच आकाराची, आणि जास्तीत जास्त सहा आठवडे. दर तीन-चार दिवसांनी मोठी एकीकडे, लहान एकीकडे अशी वाटणी करा. एखादं पिल्लू पुढचा हात हवेत गोल फिरवतं तेव्हा मुलांना वाटतं टाटा करतंय. ते दबून असल्याचं सांगतंय. तेच पिल्लू ऊन खायच्या दगडावरून ढकललं जातं, कमी खातं आणि आठवड्याने निम्म्या आकाराचं दिसतं. त्याला त्याच दिवशी वेगळं करा. शेपटीचं किंवा बोटाचं टोक काळं पडून वाळलं असेल तर चावा लागलाय किंवा कात अडकलीय. कात ओढून काढू नका, कोमट पाण्यात भिजवा. काळेपणा वर सरकत असेल तर डॉक्टर.

याच कारणाने दुकानात चार-पाच इंची पिल्लं एका टाकीत पंधरा-वीस ठेवलेली दिसली तर तिथून घेऊ नका. सहा इंच लांबी आणि सहा-आठ आठवडे वय, त्याआधी घर बदलणं पिल्लाला झेपत नाही. बोटं मोजा, शेपटीचं टोक बघा, शेपटीच्या मुळाशी हाडं वर आलीत का बघा, आणि दुकानदाराला तुमच्यासमोर दोन किडे टाकायला सांगा. ऑस्ट्रेलियातल्या वाचकांनी आधी आपल्या राज्याचा परवान्याचा नियम बघावा, कारण तिथे हा स्थानिक वन्यप्राणी आहे आणि बहुतेक राज्यांत परवाना लागतो.

किटमध्ये नसलेल्या, पण लागणाऱ्या वस्तू

दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा. ठरलेल्या वारी, सकाळी खाण्याआधी, दह्याच्या रिकाम्या डब्यात पिल्लू ठेवून वजन करा आणि लिहा. आकडा दर आठवड्याला चढलाच पाहिजे. एक आठवडा थबकला तर दगडाचं तापमान आणि ट्यूबचं अंतर तपासा. सलग दोन आठवडे थबकला तर विष्ठेची तपासणी. कॉक्सिडिया हा परजीवी पिल्लांत वारंवार सापडतो, त्याला औषध आहे. अडेनोव्हायरसला नाही. तो एका टाकीतून दुसऱ्या टाकीत हातांवरून आणि चिमट्यांवरून जातो, म्हणून प्रत्येक टाकीचा चिमटा वेगळा. खालचा जबडा दाबल्यावर रबरासारखा लागला, बोटं थरथरली, पाय वाकडे दिसले तर हाडं मऊ झालीत. त्यावर घरी पावडर वाढवत बसू नका. सरपटणाऱ्या प्राण्यांचे डॉक्टर सगळीकडे नसतात. ‘असोसिएशन ऑफ रेप्टिलियन अँड अँफिबियन व्हेटेरिनेरियन्स’च्या यादीतून जवळचा डॉक्टर पिल्लू आणण्याआधीच शोधून ठेवा.

हात धुण्याचा साबण टाकीपाशीच ठेवा. निरोगी दिसणाऱ्या ड्रॅगनच्या विष्ठेतही साल्मोनेला हा माणसाला आजारी पाडणारा जंतू असू शकतो, आणि घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर हा प्राणी न आणण्याचा अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेचा सल्ला आम्हाला पटतो. पाण्याची वाटी, दगड, किड्यांचा डबा स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका. कॅल्शियमचा पेला आणि वजनाचा डबा वेगळ्या रंगाचे घ्या, म्हणजे पाहुण्यांच्या गर्दीत कुणी ते मांडणीत लावून ठेवणार नाही.

किट आधीच घरी आलं असेल तर पावती जपा आणि पिल्लू आणण्याच्या तीन दिवस आधी सगळं रिकाम्या टाकीत चालवून बघा. पहिल्या दिवशी दगड ४० ला आणा, दुसऱ्या दिवशी दुपारी थंड टोक २७ च्या वर जात नाही ना ते बघा, तिसऱ्या दिवशी पहाटे उठून रात्रीचा आकडा वाचा. हे तिन्ही आकडे जमले की मग दुकानात जा.